एआय एजंटच्या हाती ऑर्डर देण्याआधी: ट्रेडिंग टूलचं वर्णन कसं लिहावं

८ डिसेंबर २००५ रोजी टोकियो शेअर बाजारात मिझुहो सिक्युरिटीजला जे-कॉम कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. ऑर्डर गेली ती ६,१०,००० शेअर १ येनला विकायची. स्क्रीनवर धोक्याची सूचना आली, तिच्याकडे दुर्लक्ष झालं. नंतर ऑर्डर रद्द करायचा प्रयत्न झाला, पण बाजाराच्या यंत्रणेतल्या दोषामुळे ती रद्द होईना. नुकसान सुमारे ४,००० कोटी येनचं.

तेव्हा आकडे भरणारा माणूस होता. आता ब्रोकरच्या एपीआयला (एका प्रोग्रामने दुसऱ्याला काम सांगायच्या दुव्याला) एआय एजंट, म्हणजे ग्राहकाचं बोलणं समजून स्वतः कामं करणारे प्रोग्राम, जोडले जात आहेत आणि कुठला आकडा कुठल्या रकान्यात जाईल हे एजंट ठरवतो. तुमचा कोड त्याला दिसत नाही. त्याच्यासमोर असतं टूलचं (त्याला बोलावता येणाऱ्या एकेका कामाचं) नाव, वर्णन आणि पॅरामीटरची, म्हणजे भरायच्या रकान्यांची, यादी. त्यात जे लिहिलेलं नाही ते तो अंदाजाने भरतो.

१. आधी कामं वेगळी करा. भाव पाहणं, ऑर्डर टाकणं, ऑर्डर बदलणं, रद्द करणं यांसाठी स्वतंत्र टूल ठेवा. फक्त माहिती वाचणारं टूल आणि पैसे हलवणारं टूल एकत्र कधीच करू नका.

२. टूल कधी वापरायचं आणि कधी नाही, दोन्ही लिहा. सगळ्यात जास्त गोंधळ होल्डिंग (खात्यात जमा असलेले शेअर) आणि पोझिशन (आजचे आणि उघडे सौदे) यांत होतो. ‘ग्राहकाचे शेअर दाखवतं’ एवढंच लिहिलं, तर दोन्ही टूलना ते लागू पडतं. त्याऐवजी असं लिहा: ‘डिमॅट खात्यात जमा असलेले शेअर दाखवतं. आज घेतलेले शेअर आणि फ्युचर्स-ऑप्शन्सचे उघडे सौदे यात येत नाहीत. त्यांसाठी पोझिशनचं टूल वापरा.’ सकाळी घेतलेला शेअर दुपारी विकायला सांगितल्यावर ‘तुमच्याकडे हा शेअर नाही’ असं उत्तर मिळतं, ते हे दुसरं वाक्य लिहायचं राहिल्यामुळे.

३. प्रत्येक आकड्याचं एकक सांगा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. ‘क्वांटिटी: ऑर्डरची संख्या’ हे वर्णन काहीच सांगत नाही. शेअरची संख्या, लॉटची (ठरावीक नगांच्या गठ्ठ्यांची) संख्या की रुपयांतली रक्कम? नेमकं वर्णन असं होईल: ‘शेअरची संख्या, पूर्णांकात. रुपयांतली रक्कम इथे देऊ नये. ग्राहकाने रक्कम सांगितली असेल तर आधी चालू भाव घ्या, संख्या काढा आणि ती ग्राहकाला दाखवून होकार घ्या.’

फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये आणखी जपावं लागतं. काही एपीआय लॉट मागतात, काही एकूण नग. निफ्टीचा लॉट ७५ चा असताना ७५ हा आकडा लॉट समजला गेला, तर ऑर्डर ५,६२५ नगांची होते. वर्णनात लॉटचा आकडा मात्र लिहून ठेवू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला; तेव्हा जुनं वर्णन तसंच राहिलं असतं तर ते चुकीचं ठरलं असतं. ‘लॉट साइज आधी इन्स्ट्रुमेंटच्या (शेअर किंवा सौद्याचा तपशील देणाऱ्या) टूलमधून घ्या’ असं लिहा.

किंमत रुपयांत की पैशांत, वेळ भारतीय प्रमाणवेळेत की यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, हेही स्पष्ट हवं. बाजार ९:१५ ला उघडतो. साडेपाच तासांचा फरक चुकला की एजंट भलत्याच वेळेचा भाव वाचतो. ठरावीक पर्यायच चालत असतील तर ते यादीत द्या आणि प्रत्येकापुढे अर्थ लिहा: सीएनसी म्हणजे डिलिव्हरी (शेअर खात्यात ठेवायचे), एमआयएस म्हणजे इंट्राडे (सौदा त्याच दिवशी मिटवायचा). तोटा आवरायच्या स्टॉपलॉस लिमिट ऑर्डरमध्ये दोन किमती असतात: ट्रिगर, जिथे ऑर्डर जागी होते, आणि लिमिट, जिच्यापलीकडे सौदा होत नाही. त्यांचं नातंही सांगा. विक्रीत ट्रिगर किंमत लिमिट किमतीइतकी किंवा तिच्याहून जास्त, खरेदीत तितकी किंवा कमी.

४. उत्तराचा अर्थ लिहा. ऑर्डर टाकल्यावर ऑर्डर क्रमांक मिळतो. याचा अर्थ ऑर्डर ब्रोकरकडे पोचली, इतकाच. ती नाकारली जाऊ शकते, अर्धवट पुरी होऊ शकते. हे वर्णनात नसेल तर एजंट क्रमांक पाहून ‘शेअर घेतले’ असं बिनदिक्कत सांगून मोकळा होतो. म्हणून लिहा: ‘सौदा झाला असं सांगण्याआधी ऑर्डरची स्थिती तपासा.’ रद्द करण्याच्या टूललाही हाच नियम लावा, कारण रद्द करायची विनंती गेली म्हणजे ऑर्डर रद्द झाली असं नाही.

आणि एक ओळ कधीच वगळू नका: ‘उत्तर आलं नाही तर ऑर्डर पुन्हा टाकू नका, आधी ऑर्डर बुक (टाकलेल्या ऑर्डरची यादी) पाहा.’ नेटवर्क अडखळल्यावर पुन्हा प्रयत्न करणं एजंटला साहजिक वाटतं, आणि ग्राहकाच्या नावावर दुप्पट शेअर येतात.

त्रुटीचा संदेशही असाच कामाचा हवा. ‘अवैध इनपुट’ वाचून एजंट काहीतरी बदलून पुन्हा ठोकून पाहतो. ‘नग लॉटच्या पटीत नाहीत, लॉट ७५ चा आहे’ असं वाचलं तर चूक कुठे आहे ते त्याला कळतं.

५. मर्यादा कोडमध्ये ठेवा. ‘एक लाखाच्या वरची ऑर्डर टाकू नये’ असं वर्णनात जरूर लिहा, पण एजंट ते पाळेलच याची खात्री धरू नका. रकमेची मर्यादा आणि ग्राहकाचा होकार सर्व्हरनेच तपासला पाहिजे.

६. लोक बोलतात तशा वाक्यांनी चाचणी घ्या. खरे पैसे न लावता, सरावाच्या खात्यावर. ‘रिलायन्सचे दहा हजारांचे शेअर घे.’ ‘सकाळी घेतलेले विकून टाक.’ ‘ती मघाची ऑर्डर नको.’ ‘निफ्टीचे दोन लॉट घे, स्टॉपलॉस लाव.’ एजंटने ग्राहकाला काय उत्तर दिलं त्यावर विसंबू नका. कुठलं टूल बोलावलं आणि कुठल्या रकान्यात काय भरलं ते लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या नोंदींमध्ये, पाहा. पहिल्या वाक्याला क्वांटिटीत १०,००० दिसले तर तिसऱ्या पायरीवर परत जा. वर्णनातला एक शब्द बदलला तरी, किंवा मॉडेलची नवी आवृत्ती आली तरी, हीच वाक्यं पुन्हा चालवा.