पहिली डर्ट रेस: आधी हात वाचवा

मातीच्या ट्रॅकवरची माझी पहिली मोटरसायकल रेस तिसऱ्या फेरीत संपली. गाडी बंद पडली नव्हती, मीही पडले नव्हते. कोपराखालचे दोन्ही हात लाकडासारखे कडक झाले, बोटं उघडेनात, आणि एका वळणाच्या तोंडावर पुढचा ब्रेक हवा तितका दाबताच येईना. मी गाडी ट्रॅकच्या बाहेर घेतली. हेल्मेटचा पट्टासुद्धा दुसऱ्या कुणीतरी सोडून दिला.

रायडर याला आर्म पंप म्हणतात. हँडल सतत आवळून धरलं की तिथल्या स्नायूंत रक्त येत राहतं आणि ते फुगतात, पण त्यांच्याभोवतीचं आवरण ताणत नाही. आत दाब वाढतो, रक्ताला बाहेर पडायला वाट मिळत नाही, पकड जाते. व्यावसायिक रायडर यासाठी ऑपरेशनही करून घेतात. आपल्यासारख्या हौशी लोकांच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा पायांनी करायचं काम हात करत असतात. म्हणून रेसची तयारी करताना मी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावते: याने हातांवरचा भार कमी होतोय की वाढतोय?

रेस निवडताना

मोटोक्रॉस म्हणजे बंदिस्त ट्रॅक, उड्या, आणि दम काढणाऱ्या छोट्या हीट, म्हणजे रेसचे वेगवेगळे सुटणारे भाग. क्रॉस-कंट्री म्हणजे रानातली लांब फेरी, ठरलेल्या वेळात जमतील तितक्या वेळा मारायची. एन्ड्युरोत लांब मार्ग असतो आणि त्यातले काही टप्पे घड्याळावर. मी पहिल्यांदा मोटोक्रॉसला उतरले, ती माझी चूक होती. तासाभराची क्रॉस-कंट्री नवशिक्यांच्या गटात करा. तिथे वेग आपल्या हातात राहतो आणि अंगावर येणाऱ्या उड्या कमी असतात. व्हिडिओ बघून हार्ड एन्ड्युरोत, म्हणजे एन्ड्युरोच्या सर्वांत अवघड प्रकारात, नाव नोंदवू नका. ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गच्या लोखंडाच्या खाणीत 1995पासून होणाऱ्या रेसमध्ये अंतिम फेरीला 500 जण सुटतात, वेळ चार तास असतो, आणि काही वर्षी शेवटपर्यंत पोचणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघतात.

गाडी अंगाला बसवा

लोक एक्झॉस्टवर पैसे घालतात. मी म्हणेन, आधी एक संध्याकाळ सॅगवर घाला. आपण बसल्यावर मागचं सस्पेन्शन किती दबतं ते म्हणजे सॅग. गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत राहू दे. ॲक्सलच्या बरोबर वर मडगार्डवर मार्करने ठिपका काढा आणि दोन्हींमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. माझ्या गाडीचं 612 येतं. मग गाडी जमिनीवर घेऊन पूर्ण पोशाखात तिच्यावर बसा, बूट, हेल्मेट, भरलेली पाण्याची बॅग सगळं घालून. एकाने पुढून हँडल सांभाळायचं, दोन-तीनदा खाली-वर दाबून गाडी स्थिर होऊ द्यायची आणि दुसऱ्याने टेप लावायचा. माझं आलं 508. म्हणजे सॅग 104. मोठ्या मोटोक्रॉस गाडीच्या मागच्या सस्पेन्शनची चाल, म्हणजे ते एकूण जितकं दबू शकतं ते अंतर, साधारण 300 मिमी असते, आणि त्यातला 100 ते 105 सॅग ही चांगली सुरुवात. तो कमी असला तर मागचं टोक उंच राहतं आणि प्रत्येक ब्रेकला अंगाचं वजन मनगटांवर येऊन आदळतं. जास्त असला तर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं, आणि त्याला आवरायला पुन्हा हातच. पहिल्या रेसच्या वेळी माझा सॅग 80 होता. स्प्रिंगवरची रिंग सैल करायला वीस मिनिटं लागली असती.

ब्रेक आणि क्लचची लिव्हरही अशीच अंगाला बसवा. सीटवर बसून लावू नका. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहा, कोपरं बाहेर काढा, एक बोट लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटापर्यंत सरळ रेघ यायला हवी, मनगट वर मुडपलेलं नको. माझा पंजा लहान आहे, त्यामुळे क्लचचं लिव्हर जवळ घेणारा स्क्रू मी पार आत घेतला आहे. लिव्हरचे क्लॅम्प इतकेच आवळा की जोरात धक्का दिला तर ते फिरतील. पडल्यावर फिरलेलं लिव्हर परत जागेवर येतं, घट्ट आवळलेलं तुटतं.

टायरची हवा थंड असताना मोजा. मऊ मातीवर मी 12-13 पीएसआय ठेवते, दगडगोटे असतील तर 15च्या आसपास, नाहीतर ट्यूब रिम आणि दगडात चिमटून फुटते. एअर फिल्टर धुऊन, तेल लावून, आणखी एक तसाच तयार फिल्टर पिशवीत बांधून न्या. धुळीत हे इंजिनाचं आयुष्य आहे. चेन ताणून ठेवू नका, सस्पेन्शन दबल्यावर ती आणखी ताणली जाते. किती सैल ते गाडीच्या पुस्तकात असतं. स्पोक पान्याने हलकेच वाजवून बघा, सैल स्पोक बद्द वाजतो. प्रत्येक महत्त्वाच्या नटावर पेंटने एक आडवी रेघ काढा, म्हणजे तो फिरला तर नजरेला कळतं.

हे सगळं स्वतः करायला शिका. 1913पासून चालत आलेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय एन्ड्युरोत गाडीची दुरुस्ती रायडरनेच करायची असते, टायरसुद्धा त्यानेच बदलायचा. रानात तुमच्याजवळही दुसरं कुणी नसतं.

पोशाखाबद्दल थोडक्यात. हेल्मेट ईसीई किंवा डॉट या सुरक्षा मानकांचा शिक्का असलेलं, आणि एकदा जोरात आपटलं की ते बाद. बूट नवे असतील तर आधी महिनाभर वापरा. कडक बुटात गिअर पायाला कळत नाही. एल्बो गार्डचे पट्टे आणि बाह्या कोपराखाली आवळणाऱ्या नसाव्यात, त्याचं कारण वर आलंच आहे.

सराव

रेस एक तासाची असेल तर न थांबता सव्वा तास चालवता यायला हवी. सरावात मी एक फेरी पूर्ण उभ्याने मारते. गुडघ्यांनी टाकी धरायची, वजन फूटपेगवर, आणि हँडलवर हात नुसते ठेवल्यासारखे. चालता चालता बोटं पियानोवर फिरवावीत तशी हलवून बघा. हलत नसतील तर तुम्ही हँडलला लोंबकळताय. दहा वेळा विश्वविजेता ठरलेला बेल्जियमचा स्टेफान एव्हर्ट्स उभ्याने चालवण्यासाठीच ओळखला जायचा, वळणांतसुद्धा. त्याच्या जुन्या रेस बघा आणि फक्त त्याचे गुडघे बघा.

दुसरी गोष्ट श्वास. घाबरलं की आपण श्वास धरून ठेवतो आणि ते कळतही नाही. मी प्रत्येक सरळ पट्ट्यावर जबडा सैल सोडून मोठ्याने श्वास बाहेर टाकते.

रेसच्या दिवशी

लवकर पोचा. नोंदणी, मग गाडीची तपासणी. लिव्हरच्या टोकाला गोळी हवी, हँडलची टोकं बंद हवीत, इंजिन बंद करणारा किल स्विच चालायला हवा. मग ट्रॅक पायी फिरा. गाडीवरून जे तीन सेकंदांत निघून जातं ते चालताना दिसतं: वळणात पडलेली चाकोरी कुठून बाहेर निघते, उडीच्या पलीकडे उतार आहे की सपाट, चढावर मुळं कुठे आहेत.

रायडर्स मीटिंगमध्ये पुढे उभं राहा आणि कुठल्या झेंड्याचा अर्थ काय ते नीट ऐका, सगळीकडे ते तंतोतंत सारखे नसतात. पिवळा हलताना दिसला की पुढे कुणीतरी पडलेलं आहे. तिथे उडी नाही, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून वेगवान रायडर येतोय. आपली रेघ, म्हणजे ट्रॅकवर ज्या वाटेने चाललोय ती, सोडू नका, त्याला जाऊ द्या. लाल म्हणजे रेस थांबली.

स्टार्टला सीटच्या पुढच्या टोकाला बसा, हनुवटी हँडलच्या वर, दोन्ही पाय जमिनीवर. 250 सीसीच्या फोर-स्ट्रोक गाडीवर मी दुसऱ्या गिअरमध्ये निघते. पहिल्यांदा कडेची जागा घ्या, मधली नको. पहिल्या वळणात सगळे एकाच जागी घुसतात. बाहेरून वळलात तर दोन-चार गाड्या पुढे जातील, पण तुम्ही उभे राहाल.

आणि पहिल्या फेरीत मागे राहा. बहुतेकांचे हात पहिल्या पाच मिनिटांत जातात, कारण छाती धडधडत असते आणि मूठ वळलेली असते. तिसऱ्या फेरीपासून दमलेले लोक आपोआप मागे पडायला लागतात.

चाकोरीत शिरलात की नजर तिच्या शेवटावर, पुढच्या चाकावर नाही; आतला पाय पुढे उचललेला, थ्रॉटल एकसारखा. वाळूत वजन थोडं मागे आणि थ्रॉटल सोडायचा नाही. चढावर गाडी अडली तर क्लच दाबू नका, गाडी मागे घरंगळते. इंजिन बंद झालं तरी गिअरमध्येच राहू द्या, पुढचा ब्रेक धरा, आधी उतरा, मग आडवी करा.

पडलात तर गाडी उचलण्याआधी मागे बघा. मग ती रेघेबाहेर ओढा, थ्रॉटल आपोआप बंद होतोय ना हे एकदा फिरवून बघा, तीन श्वास घ्या आणि निघा. डोकं आपटलं असेल, थोडंही गरगरत असेल, तर रेस तिथेच सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. यात मी कुणाचंही ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका.

रेस झाली की गाडी धुण्याआधी वहीत लिहा. हवा किती होती, सॅग किती, कुठल्या वळणात वेळ गेला, आणि कितव्या फेरीत हात आखडले. माझ्या पहिल्या पानावर त्या रकान्यात 'तिसरी' आहे. पुढे दोनदा 'पाचवी', मग 'सातवी, फक्त डावा'. गेल्या चार रेसना तिथे रेघ ओढली आहे.