धर्मांचा अभ्यास करायचाय? बीएची आखणी करताना या चुका टाळा

बारावीनंतर धर्मांचा अभ्यास करायचं ठरवलेली मुलं आधी 'धर्माध्ययन' नावाची पदवी शोधतात. महाराष्ट्रात त्या नावाची बीए क्वचितच मिळते, आणि तिथेच अनेकांचा बेत मोडतो. पण पदवीवर ते नाव असायची गरज नाही. पाली, संस्कृत, अर्धमागधी, तत्त्वज्ञान, इतिहास, समाजशास्त्र किंवा मराठी यांतला एक मुख्य विषय, दुसरा मायनर (दुय्यम विषय), आणि त्यांतले विचारपूर्वक निवडलेले पेपर यांतून हा अभ्यासक्रम आपणच बांधायचा असतो.

माहितीपुस्तिकेवर विसंबणं

पाली किंवा अर्धमागधी पुस्तिकेत छापलेली असते, पण पुरेसे विद्यार्थी आले नाहीत तर वर्ग सुरूच होत नाही. मग उरलेला कुठलातरी विषय गळ्यात पडतो. म्हणून अर्ज भरण्याआधी विभागात जाऊन चालू वर्षाचं वेळापत्रक मागा. यंदा तृतीय वर्षाला किती मुलं आहेत, शिक्षक पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, आणि विषय मुख्य म्हणून सहाव्या सत्रापर्यंत घेता येतो की पहिल्या वर्षापुरताच आहे, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी अभ्यासक्रमात दाखवायला सांगा.

भाषा पुढे ढकलणं

सगळ्यांत महाग पडते ती ही चूक. एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे साधारण १५ तासांचं अध्यापन, म्हणजे ४ श्रेयांकांच्या पेपरला ६० तास. कोश जवळ ठेवून मूळ ग्रंथ वाचता यावा यासाठी असे चार पेपर तरी हवेत, म्हणजे २४० तास. पहिल्या सत्रात भाषा सुरू केली आणि दर सत्राला एक पेपर घेतला, तर ती दुसऱ्या वर्षाअखेरीस हाताशी येते आणि तिसऱ्या वर्षीच्या प्रकल्पाला उपयोगी पडते. पाचव्या सत्रात सुरू केली तर पदवी हातात पडते तेव्हा विभक्तीच चाललेल्या असतात.

भाषा कोणती, हे ग्रंथ ठरवतात. बौद्धांच्या थेरवादी त्रिपिटकासाठी पाली, जैनांच्या श्वेतांबर आगमांसाठी (धर्मग्रंथांसाठी) अर्धमागधी, दिगंबर जैन परंपरेच्या जुन्या ग्रंथांसाठी शौरसेनी. महानुभाव आणि वारकरी परंपरांसाठी जुनी मराठी लागते, आणि गोव्यातल्या ख्रिस्ती परंपरेसाठीसुद्धा: फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं ते मराठीतच, पण रोमन लिपीत. त्यामुळे मुख्य विषय मराठी घेणं हा या वाटेवरचा कमी दर्जाचा पर्याय मुळीच नाही.

मराठी मुलांना इथे एक वेगळाच धोका असतो. शब्द ओळखीचे दिसतात, म्हणून अर्थही ठाऊक आहे असं वाटतं. बौद्ध ग्रंथांतली 'वेदना' म्हणजे फक्त दुःख नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी सगळीच अनुभूती त्यात येते. जैन द्रव्यविचारात 'धर्म' म्हणजे गतीला साहाय्य करणारं द्रव्य आणि 'अधर्म' म्हणजे स्थिर राहायला साहाय्य करणारं. तिथे 'अधर्म' हा शब्द पाप म्हणून वाचला की पुढचं सगळं पान उलटं कळतं. एक वही करा: शब्द, कोणत्या परंपरेत, कोणत्या ग्रंथात, कोणता अर्थ. अशा दोनशे नोंदी झाल्या की अनुवाद कुठे घसरला आहे तेही दिसू लागतं.

क्षेत्रीय प्रकल्प कॉलेजच्या वेळेने आखणं

वारी जून-जुलैत निघते. तेव्हा कॉलेजात प्रवेश चालू असतात. प्रकल्पाचे विषय बहुधा त्यानंतर ठरतात, तोवर पालख्या पोचलेल्या असतात. दीक्षाभूमीवरची विजयादशमीची गर्दी सत्रपरीक्षेच्या तोंडावर येते. तिथीही सरकतात: आषाढी एकादशी २०२५ मध्ये ६ जुलैला आली, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे २५ जुलैला. मोहरम दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो.

म्हणून पाचव्या सत्राचा प्रकल्प चौथ्या सत्रातच ठरवा. मार्गदर्शकांची संमती घ्या आणि कॉलेजच्या पत्रावर देवस्थान, दर्गा, विहार किंवा चर्चच्या विश्वस्तांना उद्देशून विनंती लिहून घ्या. ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रांची परवानगी वेगळी मागा, कारण आत यायची मुभा म्हणजे चित्रीकरणाची मुभा नव्हे. टिपणं त्याच रात्री पूर्ण करा. लोकांना आधी 'काय करता' हे विचारा, 'का करता' हे नंतर. उलट क्रमाने विचारलं की पुस्तकी उत्तरं मिळतात.

धर्मशिक्षण आणि धर्माध्ययन यांची गल्लत

पौरोहित्याचे वर्ग, मदरशातलं आलिमचं (इस्लामी धर्मपंडिताचं) शिक्षण, सेरामपूर सिनेटची बी.डी. ही ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी ही सगळी त्या त्या समाजाची सेवा करणारी माणसं घडवतात. तिथलं ज्ञान खोल असतं, पण प्रश्न श्रद्धेच्या आतून विचारले जातात. विद्यापीठीय अभ्यासात तेच प्रश्न कुठल्याही परंपरेला सारखेच लागू करावे लागतात. हे शिक्षण घेऊन पुढे एमए करायचं असेल, तर त्या पदवीची समकक्षता प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाकडूनच लेखी तपासा.

फक्त आपल्याच धर्माचे पेपर घेणं ही याच गल्लतीची दुसरी बाजू. तीन वर्षांत निदान एक पेपर परक्या परंपरेचा आणि एक संशोधनपद्धतीचा हवाच. पद्धतीचा पेपर तत्त्वज्ञानात नसेल तर समाजशास्त्रात मिळतो.

श्रेयांकांचा हिशेब उशिरा करणं

तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत, आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचावरचा अभ्यासक्रम आधी करून मग श्रेयांक मागू नका. कॉलेजची मान्यता नोंदणीपूर्वी घ्या.

पुण्यातल्या डेक्कन कॉलेजचं नाव ऐकून बारावीनंतर तिथे चौकशी करणारे असतात. ती पदव्युत्तर संस्था आहे. ती बीएनंतरच्या यादीत ठेवा. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी असलेल्या नेट परीक्षेच्या विषयांत तौलनिक धर्माध्ययन स्वतंत्र आहे. त्याचा अभ्यासक्रम आत्ताच डाउनलोड करून ठेवला तर पेपर निवडताना तो शेजारी ठेवून पाहता येतो.

दुसऱ्या वर्षात आल्यावर हे लक्षात आलं असेल तर

मुख्य विषय बदलायची घाई करू नका. बदलला तर जुने श्रेयांक कुठे धरले जातील हे आधी परीक्षा विभागाकडून कळवून घ्या. भाषेसाठी बाहेरचा प्रमाणपत्र वर्ग धरा. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा पाली विभाग प्रमाणपत्र आणि पदविका चालवतो. रोज ४० मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस धरले तर वर्षाला सुमारे २०० तास भरतात. प्रकल्पासाठी छोटा मूळ उतारा घ्या, दहा-बारा गाथांचा, आणि तो शब्दन् शब्द लावा.