परदेशात हातवारे करताना होणाऱ्या या चुका टाळा

मधले बोट दाखवणे ही शिवी आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. जानेवारी २०१२ मध्ये सिडनीच्या कसोटीत विराट कोहलीने प्रेक्षकांना ते दाखवले आणि सामन्याच्या मानधनाची निम्मी रक्कम दंडापोटी गमावली, तेव्हा त्या खुणेचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. परदेशात मराठी माणसाची पंचाईत होते ती ‘थांबा’, ‘पाच द्या’, ‘झकास’, ‘एवढेसेच’ असे सांगणाऱ्या हातवाऱ्यांमुळे, कारण ते इतके अंगवळणी पडलेले असतात की आपण ते केले हेसुद्धा आपल्या लक्षात येत नाही.

देशांची यादी पाठ करणे

‘इराणमध्ये अंगठा नको, ब्राझीलमध्ये बोटांचे कडे नको’ अशा याद्या भरपूर मिळतात आणि त्या सर्वस्वी खोट्याही नसतात. परंतु खुणेचा अर्थ केवळ बोटांच्या आकारावर ठरत नाही. हात उताणा आहे की पालथा, तो कोणाच्या रोखाने धरला आहे आणि तो स्थिर आहे की झटक्याने पुढे जातो, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते आणि बहुतेक याद्यांमध्ये नेमक्या त्याच सांगितलेल्या नसतात. हे समजायला आपल्याला फार दूर जाण्याची गरज नाही. जो हात ओठांवर ठेवला तर ‘गप्प बसा’ असे म्हणतो, तोच पालथा करून तोंडावर मारू लागलो की शिमग्याची बोंब होते.

तर्जनी आणि मधले बोट यांच्या ‘व्ही’चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत तळहात समोरच्याकडे ठेवून ही बोटे दाखवली तर ती विजयाची किंवा शांततेची खूण ठरते. तळहात स्वतःकडे वळवून दाखवली तर ती सरळ शिवी असते. बीबीसीच्या बेल्जियन विभागासाठी काम करणाऱ्या व्हिक्टर द लाव्हले यांनी जानेवारी १९४१ मध्ये विजयाचे चिन्ह म्हणून ‘व्ही’ सुचवला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये चर्चिल यांनी ती मोहीम उचलून धरली, पण चर्चिल यांच्याही काही छायाचित्रांत हात उलटा, म्हणजे शिवीच्या बाजूने धरलेला दिसतो. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी कॅनबेरामध्ये आपल्या गाडीतून असाच उलटा ‘व्ही’ दाखवला, आणि तोही अमेरिकेच्या शेती अनुदानांवर चिडून रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांना. त्यांच्या मनात काय होते हा प्रश्न शेतकऱ्यांच्या दृष्टीने गौण होता. (या शिवीचा उगम १४१५ मधील अझँकूरच्या लढाईत, बोटे तोडली जाण्याची भीती असलेल्या इंग्लिश धनुर्धरांनी फ्रेंचांना बोटे दाखवली तेव्हा झाला, ही कथा ऐकायला छान असली तरी या खुणेचा त्या लढाईशी संबंध दाखवणारा पुरावा नाही.)

तेव्हा मेलबर्नमधल्या कॅफेत गोंगाटात दोन कॉफी मागवताना तळहात वाढणाऱ्याकडे ठेवावा. मात्र हाच नियम सगळीकडे लावून चालणार नाही, कारण ग्रीसमध्ये सल्ला बरोबर उलटा आहे.

उघडा पंजा समोरच्याच्या तोंडासमोर धरणे

पुण्यात किंवा मुंबईत रस्ता ओलांडणारा माणूस येणाऱ्या गाडीकडे न पाहताही तिला पंजा दाखवतो आणि गाडी बहुधा थांबते. पाचही बोटे फाकलेली, तळहात चालकाच्या दिशेने आणि हात किंचित पुढे रेटलेला, अशी ही आपली रोजची सवय आहे. अथेन्समध्ये याच हालचालीला ‘मूत्झा’ म्हणतात आणि ती ग्रीसमधल्या सर्वांत जुन्या अपमानांपैकी एक आहे. बायझंटाईन काळात गुन्हेगाराला गाढवावर बसवून त्याची धिंड काढत आणि त्याच्या तोंडाला काजळी किंवा राख फासत. फासणाऱ्याचा तो उघडा पंजा आजच्या खुणेत उरला आहे, असे सांगितले जाते. तोंडाला काळे फासण्याची प्रथा आपल्याकडच्या राजकारणातही अजून जिवंत असल्यामुळे हा अर्थ मराठी वाचकाला फोडून सांगायला नको. पंजा जितका तोंडाजवळ जाईल तितका अपमान मोठा, आणि दोन पंजे एकामागे एक धरले तर तो दुप्पट होतो. २०११ मध्ये आर्थिक संकटाच्या काळात सिंताग्मा चौकात जमलेल्या हजारो लोकांनी समोरच्या संसद भवनाला एकाच वेळी मूत्झा दाखवली होती, यावरून तिचे वजन कळावे.

पाचाचा आकडा दाखवताना ग्रीक माणूस तळहात स्वतःकडे वळवतो. आपणही तसेच करावे. हात हलवून निरोप देताना बोटे मिटलेली ठेवावीत आणि रस्ता ओलांडताना सरळ सिग्नलची वाट पाहावी, जे तसेही हितावह आहे. ज्या पंजाला आपल्याकडे निवडणूक चिन्हाचा मान आहे, तोच पंजा कोणाच्या तोंडासमोर झटक्याने उघडला तर पाकिस्तानात आणि पंजाबी लोकांत ‘लानत’ समजला जातो, म्हणून दुबईत किंवा लंडनमध्ये पंजाबी किंवा पाकिस्तानी टॅक्सीचालकाला थांबवतानाही हात आडवा, रस्त्याच्या दिशेने धरलेला बरा.

अंगठा आणि ‘झकास’

उभा अंगठा इराण, अफगाणिस्तान आणि इराकचा काही भाग येथे पारंपरिक अर्थाने अश्लील आहे. बांगलादेशातही तो हेटाळणीचा मानतात. ज्या भाषेत ऐनवेळी फसवणाऱ्याने ‘अंगठा दाखवला’ असे म्हणतात, त्या भाषेच्या माणसाला याचे आश्चर्य वाटू नये. संदेशांच्या अॅप्समुळे तेहरानमधली तरुण मंडळी आज हा अंगठा चांगल्या अर्थानेही वापरतात, हे खरे. परंतु वयस्कर दुकानदाराला घासाघीस संपल्यावर खूश होऊन अंगठा दाखवणे टाळावे आणि हात छातीवर ठेवून मान किंचित लववावी, ते तिथे शोभून दिसते.

मिसळ चांगली झाली की आपण अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून हवेत टिचकीसारखे हलवतो. ब्राझीलमध्ये ते कडे शरीराच्या एका नको त्या भागाचे नाव घेते, तुर्कस्तानात पुरुषाच्या लैंगिकतेवर शेरा मारते, फ्रान्समध्ये बऱ्याचदा ‘शून्य, कुचकामी’ एवढेच सुचवते आणि जपानमध्ये पैसे. अमेरिकेत २०१७ पासून काही गटांनी आधी थट्टेने आणि मग गंभीरपणे ते वर्णवर्चस्वाची खूण म्हणून वापरले, म्हणून २०१९ मध्ये तिथल्या अँटी-डिफेमेशन लीग या द्वेषविरोधी संघटनेने ते द्वेषचिन्हांच्या सूचीत घातले, आणि संदर्भ पाहिल्याशिवाय कोणावर आरोप करू नये असेही बजावले. गुडघ्यावर हात ठेवून ज्ञानमुद्रेत बसलेल्या योगशिक्षिकेने त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. कोणाच्या रोखाने ही दुसरी कसोटी इथे उपयोगी पडते.

याच दोन खुणांची एक अदलाबदल मात्र आपल्या मालवणातच घडते. तारकर्लीला पाण्याखाली उतरलेला नवखा पर्यटक आनंदाने अंगठा दाखवतो आणि प्रशिक्षक त्याला मुकाट्याने वर घेऊन येतो, कारण पाणबुड्यांच्या भाषेत अंगठा म्हणजे ‘वर चला’ आणि सगळे ठीक असल्याची खूण म्हणजे बोटांचे कडे. इथे अपमान कोणाचाही होत नाही. पैसे भरून मिळालेली मिनिटे तेवढी वाया जातात.

फोटोतली शिंगे, नृत्यातला सिंह

कॉलेजच्या समूहफोटोत पुढच्या माणसाच्या डोक्यामागे दोन बोटांची शिंगे काढणे हा आपल्याकडचा निरुपद्रवी चावटपणा आहे. इटली, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये तर्जनी व करंगळी उभारून कोणाकडे शिंगे रोखली, तर त्याची बायको त्याला फसवते असा अर्थ होतो. फेब्रुवारी २००२ मध्ये स्पेनमधल्या कासेरेस येथे युरोपीय मंत्र्यांच्या अधिकृत छायाचित्रात इटलीचे तेव्हाचे पंतप्रधान सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी स्पेनचे परराष्ट्रमंत्री जोसेप पिके यांच्या डोक्यामागे अशी शिंगे उभारली; गंमत होती, असे त्यांनी नंतर सांगितले. देशाच्या पंतप्रधानालाही ती गंमत महागात पडते, तिथे मिलानच्या कार्यालयातल्या नव्या कर्मचाऱ्याने करून पाहू नये.

भरतनाट्यम शिकलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मधले बोट आणि अनामिका अंगठ्याला टेकवून उरलेली दोन बोटे ताठ ठेवली की सिंहमुख हस्त होतो, आणि नेमका हाच आकार तुर्कस्तानातील अतिराष्ट्रवादी ‘राखाडी लांडगे’ चळवळीची सलामी आहे. ऑस्ट्रियात ती २०१९ पासून बेकायदा आहे. २०२४ च्या युरो स्पर्धेत ऑस्ट्रियाविरुद्ध गोल केल्यावर मेरिह देमिराल या तुर्की खेळाडूने ती दाखवली आणि त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. जर्मन बालवाड्यांत मुलांना गप्प करण्यासाठी शिक्षिका हाच आकार ‘शांत कोल्हा’ म्हणून वापरत आल्या होत्या. या गोंधळामुळे काही ठिकाणी तो कोल्हा निवृत्त करावा लागला. रंगमंचावरच्या सिंहाला यातून धोका नाही. व्हिएन्नाच्या चौकात हौसेने ‘मुद्रा’ धरून काढलेल्या फोटोला मात्र आहे.

प्रतिज्ञेचा हात

ही चूक याद्यांमध्ये क्वचितच आढळते, परंतु माझ्या मते मराठी माणसासाठी ती सर्वांत गंभीर आहे. ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा आपण उजवा हात समोर सरळ ताठ धरून, तळहात जमिनीकडे ठेवून म्हणत आलो. स्वातंत्र्यदिनाला किंवा शिवजयंतीला परदेशातील मंडळाच्या कार्यक्रमात लहान मुलांना रांगेत उभे करून तीच प्रतिज्ञा म्हणवून घ्यावी, असे कोणाला वाटले तर त्यात गैर काही नाही. पण जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात ती रांग बाहेरून पाहणाऱ्याला नाझी सलामीसारखी दिसेल. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६-अ नुसार ती सलामी हा गुन्हा आहे आणि त्यासाठी दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०१७ मध्ये बर्लिनला संसद भवनासमोर एकमेकांचे फोटो काढताना ही सलामी देणाऱ्या दोन चिनी पर्यटकांना पोलिसांनी ताब्यात घेतले आणि प्रत्येकी ५०० युरोच्या जामिनावर सोडले. आपला हेतू वेगळा आहे हे पुढे सिद्ध करता येईलही, पण तो प्रसंग मुलांवर कशाला आणायचा? प्रतिज्ञा सावधान स्थितीत किंवा हात छातीवर ठेवून म्हणावी. घोषणा देताना मूठ वळलेली असू द्यावी, आणि सेल्फीत ‘चला!’ म्हणत हात उंचावणाऱ्या काकांना कोपर वाकवायला सांगावे.

करंगळी, चिमूट, डावा हात

शाळेत करंगळी दाखवली की बाई बाहेर जाऊ देत. चीनमध्ये उभा अंगठा ‘उत्तम’ आणि करंगळी ‘टाकाऊ’ सांगते, तर जपानमध्ये करंगळीने एखाद्याची मैत्रीण किंवा बाई सूचित केली जाते, त्यामुळे बैठकीतून उठताना ती दाखवू नये. रांजणगाव-तळेगाव परिसरात कोरियन सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्यांनी ‘एवढेसेच’ म्हणताना चिमटीचा आकार जपून वापरावा. दक्षिण कोरियात ती पुरुषांच्या शरीराची टवाळी समजली जाऊ लागली आहे आणि २०२१ मध्ये एका दुकानसाखळीला जाहिरातीतल्या केवळ तशा बोटांबद्दल माफी मागावी लागली. डाव्या हाताचा विटाळ आपल्याला नवा नाही, फक्त घानामध्ये तो हात दाखवून रस्ता सांगणेही उद्धटपणाचे ठरते. मेक्सिकोत मुलाची उंची पालथ्या हाताने दाखवू नये, ती जनावराची रीत आहे. व्हिएतनाममध्ये शुभेच्छा म्हणून बोटावर बोट चढवणे अश्लील दिसते.

चूक झालीच तर

समोरच्याचा चेहरा अचानक बदलला, टेबलाभोवती शांतता पसरली किंवा कोणी हसू दाबू लागले, की पहिली प्रतिक्रिया म्हणून तीच खूण पुन्हा, अधिक ठसठशीत करून दाखवण्याचा मोह होतो, कारण आपल्याला वाटते की त्याला ती नीट दिसली नाही. हा मोह आवरावा. हात खाली घ्यावेत, जे सांगायचे होते ते शब्दांत सांगावे, आकडा असेल तर कागदावर किंवा फोनवर लिहून दाखवावा, आणि ‘आमच्याकडे याचा अर्थ असा होतो’ हे एका वाक्यात सांगून क्षमा मागावी. क्षमा मागताना कान पकडू नयेत. इटलीत कानाच्या पाळीला हात लावणे हा पुरुषाला मारलेला टोमणा आहे आणि पोर्तुगालमध्ये त्याच खुणेने जेवणाची तारीफ करतात. लांबलचक खुलासा करत बसण्यापेक्षा विषय पुढे नेलेला चांगला. सहकारी ओळखीचा असेल, तर नंतर एकांतात त्याला नेमके काय खटकले ते विचारावे, म्हणजे खुणेचा कोणता भाग बोचतो हे कायमचे कळते.

रस्त्यावरच्या भांडणात मात्र खुलाशाला वाव नसतो. संयुक्त अरब अमिरातीत अश्लील हातवारा, अगदी फोनवरून पाठवलेले मधले बोटही, खटल्यापर्यंत आणि परदेशी माणसाच्या बाबतीत हद्दपारीपर्यंत जाऊ शकतो. जर्मनीत दुसऱ्या चालकाकडे पाहून कपाळावर बोट टेकवणे, म्हणजे ‘डोके फिरले आहे का?’ असे विचारणे, हासुद्धा अपमानाचा गुन्हा धरला जातो आणि त्यासाठी चांगला घसघशीत दंड होतो. आपल्याकडेही स्त्रीचा अवमान करण्याच्या हेतूने केलेला हावभाव भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली येतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. म्हणून मागच्या गाडीने कितीही हॉर्न वाजवला, तरी खिडकीची काच वर घ्यावी, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत आणि सिग्नल हिरवा होताच निघून जावे.