बंद पडलेली गेम-साइट पुन्हा उभी करताना

मुक्त-स्रोत (कोड आणि चित्रं सर्वांना खुली असलेले) गेम बनवणाऱ्यांची जुनी साइट जिवंत करायची म्हटलं की चर्चा सुरू होते ती नव्या डिझाइनची. मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव, कुणाच्या खात्यात आहे?

बहुतेकदा ते कधीकाळच्या संस्थापकाच्या वैयक्तिक खात्यात असतं, आणि तो आता संसारात बुडालेला असतो. त्याला ‘साइट आमच्या हवाली करा’ असं लिहू नका. ‘नाव तुमचंच राहू दे, नूतनीकरणाचे पैसे आम्ही भरतो, फक्त आणखी दोघांना खात्यात घ्या’ असं लिहा. बरेच जण सुटल्यासारखे हो म्हणतात. डॉट ऑर्ग नाव रद्द झालं, तरी जुन्या मालकाला ते ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं.

मग डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, आणि अपलोडचं फोल्डर मागा. डंप लगेच आपल्या लॅपटॉपवर चढवून बघा. जर्मन-पोलिश नावांच्या जागी भलतीच अक्षरं दिसली, तर बहुधा यूटीएफ-८ (सगळ्या लिपी साठवणारी पद्धत) मजकूर लॅटिन-१ (जुनी, पश्चिम युरोपीय अक्षरांपुरती पद्धत) टेबलांत भरलेला आहे. डंप लॅटिन-१ म्हणूनच काढायचा आणि यूटीएफ-८-एमबी-४ म्हणून आत घ्यायचा. साधा ‘यूटीएफ-८’ निवडू नका, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तो अक्षरामागे तीनच बाइटचा आहे, इमोजी आले की अडतो. मालक सापडलाच नाही तर वेबॅक मशीन, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारं संग्रहालय, आहे. पानं मिळतात, पण मोठ्या झिप फायली मिळतीलच याचा भरवसा नाही.

जुनी साइट ड्रुपल ७ या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर असेल, तर त्याचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. तिथून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे साधं अपडेट नव्हे, जवळजवळ नवी साइट बांधून त्यात सामान हलवणं. म्हणून माझं मत: जुना भाग साध्या एचटीएमएल पानांत गोठवा, चालता भाग लहान ठेवा. जुने पत्ते मात्र एकही बदलू नका. कितीतरी गेमच्या क्रेडिट्स फायलींत ‘हे चित्र इथून घेतलं, परवाना हा’ असं लिहून तोच पत्ता दिलेला असतो. पत्ता मेला की परवान्याचा पुरावाही जातो.

परवान्यांवर खरा वेळ घाला. सीसी-झिरो, सीसी-बाय, बाय-एसए (हे तिन्ही क्रिएटिव्ह कॉमन्सचे खुले परवाने), जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना): ज्या फायलीवर जे आहे, आवृत्तीसकट, तेच राहील. ‘सगळं सीसीच्या ४.० आवृत्तीवर नेऊन टाकू’ असा कुणीतरी उत्साही निघतोच. कलाकाराच्या परवानगीशिवाय मूळ फाइल ३.० वरून ४.० वर नेण्याचा अधिकार साइटला नाही. नुसतं ‘सर्वांना मोफत’ लिहिलेलं असेल तर कलाकाराचं उत्तर येईपर्यंत डाउनलोड बंद ठेवा. व्यावसायिक वापराला मनाई असलेलं वेगळं काढा. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मुख्य विभागात ते चालत नाही. टोपणनावंही जशीच्या तशी ठेवा, कितीही विचित्र असली तरी.

नोंदणी उघडलीत की पहिला आठवडा स्पॅमचाच, हे धरून चला. नव्या माणसाचं पहिलं अपलोड हातानं तपासा.

माणसं परत येतात ती काम दिलं तर. २०१२ ची लिबरेटेड पिक्सेल कप ही स्पर्धा बघा: आधी ठरलेल्या शैलीत चित्रं, मग त्याच चित्रांवर गेम. त्या शैलीतली चित्रं लोक आजही काढतात. तुमची स्पर्धा दहा जणांची असली तरी शैलीचे नियम आधी लिहा.

सर्व्हरचं बिल मात्र गणपती मंडळाच्या वर्गणीसारखं उघड लावा, आणि पासवर्ड किमान तिघांकडे असू द्या. त्यातला एक वेगळ्या देशातला असेल तर उत्तम. सर्व्हर नेमका आपल्या रात्री कोसळतो.