या चुका टाळा: झाड छाटताना करवत कुठे चुकते

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की नागपुरात एकच मागणी दहा ठिकाणांहून येते : "भाऊ, पावसाआधी झाड हलके करून द्या." मागणी समजण्यासारखी आहे, कारण मृगाच्या तोंडावर येणाऱ्या वावटळीत धरमपेठेत किंवा सिव्हिल लाइन्समध्ये गुलमोहराची फांदी उभ्या गाडीवर कोसळलेली प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेली असते. तथापि अशा पडलेल्या झाडांचे ओंडके करताना मला आत जे दिसते, ते बहुधा वादळापेक्षा जुने असते : काही वर्षांपूर्वी कोणीतरी चुकीच्या जागी करवत चालवलेली असते आणि तेथून सुरू झालेली कुज हळूहळू मधल्या लाकडात उतरलेली असते.

माणसाची जखम भरते त्या अर्थाने झाडाची जखम कधीच भरत नाही. अ‍ॅलेक्स शिगो या अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञाने हजारो खोडे चिरून हे दाखवून दिले की, झाड कुजलेले लाकूड दुरुस्त करीत नाही. ते त्या भागाभोवती भिंती उभारून कुज कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. या भिंती जेथे सर्वांत मजबूत असतात तेथेच कापावे, एवढेच आमच्या विद्येचे सूत्र आहे.

फांदी खोडातून निघते तेथे एक फुगीर, सुरकुतलेला पट्टा असतो. त्याला कॉलर म्हणतात. छाटणी 'साफ' दिसावी म्हणून हा पट्टाच खोडालगत तासून टाकणे ही मी पाहिलेली सर्वांत सार्वत्रिक चूक आहे, कारण त्यात फांदीबरोबर खोडाचेही लाकूड कापले जाते आणि झाडाची पहिली भिंतच नाहीशी होते. उलट टोकाची चूक म्हणजे हातभर खुंटी सोडणे. ती वाळते, कुजते आणि कुज खोडात पोचवते. जड फांदीसाठी तीन काप घ्यावेत : पहिला खोडापासून साधारण 30 सेंटीमीटर दूर, खालच्या बाजूने, जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोल, दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून आरपार, आणि वजन उतरल्यावर तिसरा, कॉलरच्या अगदी बाहेरून. पहिला काप विसरल्यास फांदी पडताना खोडाची साल बुंध्याकडे सोलत नेते, आणि सोललेल्या सालीवर नंतर काहीही उपाय चालत नाही. लोंबणारी साल धारदार चाकूने कडेला नीट कापून जखम उघडी ठेवणे एवढेच हाती उरते.

आपले काम बरोबर झाले की नाही हे वर्ष-दोन वर्षांनी झाडच सांगते. कापाभोवती नव्या लाकडाची सलग गोल कडी आली असेल तर काप योग्य जागी बसला. कडी फक्त दोन्ही बाजूंना जाड होऊन वर-खाली उघडे लाकूड राहिले असेल तर कॉलर तासली गेली. असे आढळल्यास तेथे पुन्हा करवत लावू नये. दुसरा काप म्हणजे दुसरी जखम.

आपल्याकडे आणखी एक सवय घट्ट बसलेली आहे आणि तिचे मूळ, मला वाटते, संत्र्याच्या बागेत आहे. संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या रोगापासून वाचवण्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी या प्रमाणातली बोर्डो पेस्ट लावतात. ते योग्यच आहे, कारण तेथे जमिनीतून चढणाऱ्या एका ठरावीक बुरशीशी सामना असतो. मात्र तोच हिशेब शहरातल्या कडुनिंबाला किंवा रेन ट्रीला लावून प्रत्येक कापावर पेस्ट, ऑइल पेंट किंवा डांबर फासल्याने आतली कुज थांबत नाही. डांबराखाली ओल मात्र टिकून राहते. ढोलीत विटा आणि सिमेंट भरणे त्याहून वाईट आहे, कारण झाड वाऱ्यात हलते, सिमेंट हलत नाही, आणि या घासण्यात झाडाने उभारलेली भिंत आतून फुटते. ढोली मोकळी ठेवावी. तिच्यात पिंगळा राहायला आला तर त्याचे स्वागत करावे.

शेंडा उडवणे ही मात्र चूक नव्हे, अत्याचार आहे. विजेच्या तारेला लागते म्हणून किंवा शेजाऱ्याच्या सौर पॅनेलवर सावली पडते म्हणून झाडाचा माथा सपाट कापला की, पुढच्या पावसाळ्यात त्या थुट्यांवर झाडूसारखे फुटवे येतात. हे फुटवे आतल्या लाकडातून नव्हे तर सालीलगतच्या थरातून निघालेले असल्याने त्यांची पकड कच्ची असते. ते जाड होतात तसतसे वादळात निखळू लागतात, आणि 'हलके' केलेले झाड पूर्वीपेक्षा धोकादायक ठरते. त्यातच मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना आजवर सावलीत राहिलेली साल उघडी पडली तर ती भाजून तडकते. उंची कमी करायचीच असेल तर फांदी अशा उपफांदीपर्यंत मागे आणावी जिची जाडी कापलेल्या भागाच्या किमान एकतृतीयांश आहे, एका वेळी हिरव्या डोलाऱ्याचा पाव भागही काढू नये, आणि कडुनिंबासारख्या झाडाचे काम नवी पालवी येण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत करावे. आधीच शेंडा उडवलेले झाड हाती आल्यास सर्व फुटवे एकदम साफ करू नयेत. प्रत्येक थुट्यावर दोन-तीन सशक्त फुटवे राखून बाकीचे तीन ते पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने विरळ करावेत.

यंत्राच्या चुका झाडावरच्या चुकांपेक्षा लवकर कळतात, कारण यंत्र लगेच तक्रार करते. चेनसॉमधून लाकडाच्या कपच्यांऐवजी पीठ पडू लागले तर चेन बोथट झाली आहे. अशा वेळी जोर लावणारा माणूस दमतो आणि मग घसरतो. काप एका बाजूला वळत असेल तर बहुधा त्या बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लांब किंवा अधिक धारदार राहिलेले असतात, तेव्हा दोन्ही बाजूंना कानस सारख्या वेळा आणि सारख्या कोनात फिरवावी. चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी कापात अडकली तर चालू यंत्र हिसकू नये. ते बंद करून फांदी उचलावी किंवा पाचर ठोकावी. पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला टेकला की यंत्र क्षणात चेहऱ्याकडे उसळते, म्हणून झाडावर एका हाताने चेनसॉ चालवण्याची फुशारकी मी माझ्या माणसांना करू देत नाही. चेनसॉच्या बहुतेक टू-स्ट्रोक इंजिनांना 1 लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर ऑइल लागते. परंतु कंपनीचे पुस्तक पाहूनच मिसळावे, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल पावसाळ्यात ओल धरत असल्याने जुने मिश्रण टाकीत ठेवू नये. हंगामाच्या पहिल्या दिवशी सुरू न होणाऱ्या यंत्राचे दुखणे बहुधा एवढेच असते.

चढण्यापूर्वी बुंध्याभोवती एक फेरी मारून लाकडी हातोडीने ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला, किंवा मुळाशी चकचकीत तांबूस, फळीसारखी बुरशी उगवलेली दिसली, तर वर दोर अडकवण्याचा विचार सोडून शिडीची गाडी मागवावी. गुलमोहरावर हे विशेषतः पाहावे. करवत चालवताना स्वतःला दोन स्वतंत्र ठिकाणी बांधून घ्यावे, कारण त्यातला एक दोर कधीतरी आपणच कापतो. चढण्यासाठी पायाला बांधायचे टोकदार लोखंडी स्पाइक फक्त तोडायच्या झाडावर चालतात. राखायच्या झाडावर त्यांचे प्रत्येक पाऊल म्हणजे एक भोक. 30 सेंटीमीटर जाडीचा, 3 मीटर लांबीचा ओला ओंडका सुमारे 200 किलो भरतो आणि दोरावर झटक्याने पडला तर त्याच्या कितीतरी पट ताण येतो, हे खाली दोर धरणाऱ्याला अगोदर सांगावे. तार जवळ असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत चढूच नये. ओली फांदी वीज वाहून नेते.

परवानगीबाबत थोडक्यात : शहरात झाड तोडण्यासाठी 1975 च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची संमती लागते, आणि 50 वर्षांवरील झाडांना 2021 पासून वारसा वृक्षाचे अधिक कडक संरक्षण आहे. छाटणीपूर्वीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करावा आणि घरटी पाहून घ्यावीत.

शेवटी जमिनीकडे. बहुतेक मुळे वरच्या 60 सेंटीमीटर मातीतच पसरलेली असतात, म्हणून सिमेंट रस्त्यासाठी किंवा कुंपणाच्या भिंतीसाठी बुंध्यालगत चर खणला गेला असेल, तर त्या बाजूच्या मुळांचा आधार गेला असे समजावे. अशा झाडाची छाटणी मागायला लोक येतात तेव्हा मी आधी चर कोणत्या बाजूला होता ते विचारतो, कारण झाड पडते ते बहुधा त्याच्या विरुद्ध दिशेला, आणि गाडी तिकडे लावू नका एवढे सांगायला करवत लागत नाही. बुंध्याभोवतीचे काँक्रीट किमान 1 मीटरपर्यंत फोडून तेथे पालापाचोळा पसरावा आणि पहिला जोराचा पाऊस झाल्यावर बुंध्याशी जमिनीला नवी भेग पडली आहे का ते पाहावे. भेग पडली असेल तर त्याच दिवशी उद्यान विभागाला कळवावे.