टप्प्याटप्प्याने लांबची वाट: बेभरवशाच्या हवेत शनिवार-रविवारच्या चालीची तयारी

शेकडो किलोमीटरची वाट सलग चालायला महिनेच्या महिने लागतात, आणि नोकरी-संसार सांभाळणाऱ्या बहुतेकांना ते शक्य नसते. म्हणून अनेक जण तीच वाट तुकड्यातुकड्यांनी, सुट्टीच्या दोन-दोन दिवसांत, वर्षानुवर्षे चालत राहतात. अमेरिकेतील सुमारे 3,500 किलोमीटरची, 14 राज्यांतून जाणारी अ‍ॅपलेशियन ट्रेल 1937 साली पूर्ण झाली. तिची देखभाल पाहणारी संस्था संपूर्ण वाट चाललेल्यांची नोंद ठेवते, आणि ती नोंद करताना वाट किती वर्षांत, कोणत्या दिशेने किंवा कोणत्या क्रमाने चालली हे पाहत नाही. टप्प्यांनी चालणाऱ्याने तयारीला बसताना हे आधी मनाशी पक्के करावे, कारण क्रम मोडण्याची मुभा हेच त्याच्या हातातले सर्वांत मोठे साधन आहे. सलग चालणाऱ्याला समोर येईल त्या हवेला तोंड द्यावेच लागते. आपल्याला मात्र गुरुवारी टप्पा बदलता येतो.

त्यामुळे यादीतले पहिले काम म्हणजे प्रत्येक सुट्टीसाठी एक नव्हे तर दोन टप्पे तयार ठेवणे. एक उंचावरचा, उघड्या डोंगरधारेवरून जाणारा. दुसरा खालचा, झाडीतून किंवा दरीच्या कडेने जाणारा, ज्यावर नद्या-ओढे ओलांडावे लागत नाहीत किंवा त्यांवर पूल आहेत. दोन्ही टप्प्यांचे नकाशे, मुक्कामाच्या जागा, पाण्याची ठिकाणे आणि आवश्यक ते परवाने आधीच पाहून ठेवले, तर ऐनवेळी बदल करणे जड जात नाही. शिवाय प्रत्येक टप्प्यावर मध्येच उतरून गाडीरस्ता गाठता येईल अशी निदान एक आडवाट नकाशावर लाल शाईने खुणावून ठेवावी आणि ती कोठे उतरते, तेथून वाहन मिळते का, हेही तिच्याशेजारीच लिहावे. अशी आडवाट सापडत नसेल, तर तो टप्पा स्थिर हवेच्या ऋतूसाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे.

टप्प्याची लांबी ठरवताना उत्साहापेक्षा हिशेबाचे ऐकावे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे 18 किलोमीटर अंतर आणि 900 मीटर चढ असेल, तर साधारण पाच तास होतात. पण हा हिशेब तंदुरुस्त माणसाचा आणि चांगल्या वाटेचा आहे. त्यात विश्रांती, जेवण, रस्ता चुकणे धरलेले नाही. पाठीवर मुक्कामाची सॅक आणि पायाखाली ओला दगड असेल, तर मी त्या वेळेची दीडपट करतो आणि ती सूर्यास्ताच्या दोन तास आधी संपते का ते पाहतो. संपत नसेल तर टप्पा छोटा करतो. जे अंतर कोरड्या दिवशी सहज जमते, तेच चिखलात माणसाचा पुरता कस काढते.

येण्याजाण्याची व्यवस्था हा टप्प्यांनी चालण्यातला सर्वांत किचकट भाग आहे, कारण सुरुवात आणि शेवट वेगवेगळ्या ठिकाणी असतात. स्वतःची गाडी असेल तर ती शेवटच्या ठिकाणी उभी करून सार्वजनिक वाहनाने सुरुवातीला जावे आणि गाडीच्या दिशेने चालावे. उलट केले, तर रविवारी संध्याकाळची शेवटची बस गाठण्याचा धाक डोक्यावर बसतो, आणि त्या धाकापोटी माणूस गडगडणाऱ्या ढगांखालीही खिंड चढायला निघतो. हवा वाईट असणे आणि सोमवारी सकाळी कामावर हजर राहायचे असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की निर्णय बिघडतात. म्हणून घरी आणि कामाच्या ठिकाणी आधीच सांगून ठेवावे की परतायला सोमवार दुपार होऊ शकते. तसे सांगितलेले असले, की रविवारी दुपारी मागे फिरताना मनावर कसलेही ओझे राहत नाही.

हवेचा अंदाज सोमवारपासून पाहायला हरकत नाही, पण त्यावर निर्णय गुरुवारी संध्याकाळी घ्यावा आणि शनिवारी पहाटे तो पुन्हा तपासावा. शहराचा अंदाज पाहून डोंगरात जाऊ नये; वाटेच्या उंचीचा अंदाज शोधावा. तो मिळत नसेल तर दर 1,000 मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, हे धरून स्वतः हिशेब करावा. पायथ्याशी 12 अंश असतील तर 1,200 मीटर वरच्या खिंडीत साधारण 4 अंशच उरतात, आणि त्यात वारा आला की अंग त्याहूनही लवकर गारठते. तापमानापेक्षा वाऱ्याचा वेग आणि पावसाची वेळ मला अधिक महत्त्वाची वाटते. ‘पावसाची शक्यता 40 टक्के’ याचा अर्थ दिवसाचा 40 टक्के वेळ पाऊस पडेल असा नसून, अशा दहा अंदाजांपैकी चार वेळा पाऊस येतो असा आहे. त्यामुळे पावसाचे कपडे घ्यावेत की नाही हा प्रश्नच उरत नाही. ते नेहमीच घ्यायचे असतात.

कपड्यांच्या बाबतीत एकच नियम काटेकोरपणे पाळावा: अंगाला लागून सुती काही नको. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि वाळायला वेळ लावते, तर लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे भिजूनही बरीच ऊब देतात. पिसांचे जाकीट हलके आणि उबदार असते खरे, पण भिजले की पिसे गोळा होऊन त्याची ऊब जाते, म्हणून ते जलरोधक पिशवीतच राहावे. सॅकवरच्या आवरणावर विसंबून राहू नये. पाठीकडच्या बाजूने पाणी आत झिरपतेच. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची एक मोठी पिशवी आधी पसरावी आणि सगळे सामान तिच्यात भरावे. तिच्या तळाशी स्लीपिंग बॅग आणि वेगळ्या छोट्या पिशवीत बांधलेला मोज्यांचा एक जोड, एक बंडी आणि एक पायजमा ठेवावा. हा जोड फक्त रात्रीचा. दिवसभर मोजे पिळून निघाले तरी तो काढायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कितीही नकोसे वाटले तरी, कालचे ओले मोजेच पुन्हा पायांत चढवायचे. पहिली पाच मिनिटे अंगावर काटा येतो, मग पाय तापतात. पावसाळी जाकीट, टोपी आणि हातमोजे मात्र सगळ्यांत वर ठेवावेत, कारण पावसात सॅक उपसावी लागली की आतले सगळे भिजते.

शरीराचे आतले तापमान 35 अंशांच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. पाऊस, वारा आणि उपास हे तिन्ही पुरेसे असतात. सोबती थरथरू लागला, त्याला जाकिटाची चेन ओढता येईना, शब्द अडखळू लागले, की चालणे थांबवून त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे चढवावेत आणि शुद्धीवर असेल तर काही गरम आणि गोड द्यावे. यासाठीच छोटी शेगडी, काडेपेटीऐवजी दोन लायटर आणि एक आपत्कालीन चादर एका दिवसाच्या चालीतही सॅकमध्ये असावी. अन्न ठरल्यापेक्षा एका दिवसाचे जादा असावे आणि त्यातले काही न शिजवता, हातमोजे घालूनही खाता येण्याजोगे असावे.

विजेसाठी आणि पाण्यासाठी मर्यादा घरीच ठरवून वहीत लिहाव्यात. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये कळते; ते सेकंद तीसपेक्षा कमी भरले तर धार सोडून खाली उतरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नये. ओढ्याच्या बाबतीत मी अधिकच सावध झालो आहे. एकदा सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलेलो आम्ही दुपारी त्याच जागी परतलो, तेव्हा पाणी गढूळ होऊन मांडीला लागेल एवढे चढले होते आणि तळाचे दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज काठावर ऐकू येत होता. आम्ही पलीकडे न जाता रात्र तिथेच काढली आणि पहाटे पाणी उतरल्यावर ओलांडले. त्या रात्री जादा अन्न होते म्हणून तो निर्णय सोपा गेला. जोराच्या प्रवाहात जेमतेम 15 सेंटिमीटर पाणीही उभ्या माणसाला पाडू शकते.

पिण्याचे पाणी उकळायचे असेल तर खळखळून एक मिनिट, आणि 2,000 मीटरच्या वर तीन मिनिटे उकळावे. पोकळ तंतूंचा गाळक वापरत असाल तर तो एकदा ओला झाल्यावर गोठू देऊ नये. आतले तंतू फुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही. थंडीच्या रात्री तो आणि फोन दोन्ही स्लीपिंग बॅगेत घ्यावेत. फोनमध्ये नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि तो विमान मोडवर ठेवावा, कारण जीपीएसला नेटवर्क लागत नाही. तरी कागदी नकाशा आणि होकायंत्र असावेच. हेडलॅम्प, जादा सेल, शिटी, प्रथमोपचार हे नेहमीचेच. मदत मागण्याचा शिटीचा संकेत मात्र सर्वांनी पाठ करावा: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा वेळा, मिनिटात तीन शिट्या हे त्याचे उत्तर.

निघण्यापूर्वी घरच्या एका जबाबदार व्यक्तीकडे कागद द्यावा. त्यावर टप्पा, पर्यायी टप्पा, आडवाट, मागे फिरण्याची वेळ आणि बचाव पथकाला कळवण्याची वेळ लिहिलेली असावी. ही शेवटची वेळ परतण्याच्या अपेक्षित वेळेपेक्षा काही तास पुढची असावी, आणि ऐनवेळी टप्पा बदलला तर त्या व्यक्तीला कळवल्याशिवाय पाऊल टाकू नये.

रविवारी रात्री कितीही दमणूक झाली असली तरी तंबू पिशवीतून काढून दोरीवर टाकावा. ओला तंबू तसाच पडला तर त्याला बुरशी धरते. मग वहीत टप्पा कोठे थांबला ते नेमके लिहावे: कोणत्या फाट्यावर, कोणत्या खुणेपाशी, फाट्याच्या कोणत्या बाजूला. दोन महिन्यांनी त्याच जागी परतल्यावर धुक्यात सगळी झाडे सारखीच दिसतात, आणि राहून गेलेले दोनशे मीटर पुढे कित्येक वर्षे मनाला टोचत राहतात.