शाळेत पायी किंवा सायकलने जाण्याची सवय कशी लावावी
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी, आणि शाळेची ये-जा हा त्यातला सहज साधणारा भाग आहे.

आधी सुट्टीच्या दिवशी मुलासोबत चालून पाहावे आणि सर्वांत जवळचा नव्हे, तर कमी रहदारीचा मार्ग निवडावा. वाहनाचा वेग व अंतर यांचा अंदाज लहान मुलांना नीट येत नाही. म्हणून रस्ता कधी ओलांडायचा व का, हे पालकांनी प्रत्येक वेळी बोलून दाखवावे आणि तो निर्णय हळूहळू मुलावर सोपवावा. अंतर फार असल्यास शाळेच्या बरेच अलीकडे उतरून चालावे. सायकलस्वाराचे हेल्मेट मापाचेच असावे. किशोरवयीनांना मात्र उपदेशापेक्षा मित्रांची सोबत अधिक उपयोगी पडते.